चित्र अडखळतं तेव्हा

पवनेच्या काठचं पिंपळे गुरव आता पिंपरी-चिंचवड शहरात पुरतं मिसळून गेलं आहे. नाशिक फाटा ओलांडला की भोसरीची एमआयडीसी. उलट दिशेला पिंपळे सौदागर, वाकड करत गेलं की हिंजवडीचं आयटी पार्क. दोन्हीकडे कामाला जाणारी माणसं इथे एकाच जिन्याने चढतात-उतरतात. आयटी कंपन्या काही वर्षं वापरून काढून टाकतात ते थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक साफसूफ होऊन ‘रिफर्बिश्ड’ म्हणून बाजारात येतात आणि अशाच वस्त्यांमधल्या घरांत पोचतात. मुलांचा अभ्यास, स्पर्धा परीक्षेची लेक्चर्स, रात्रपाळी करून आलेल्या माणसाचा सिनेमा, गावाकडच्या लग्नाचा व्हिडिओ, सगळं त्याच एका यंत्रावर चालतं. २०२०च्या टाळेबंदीत तर व्हिडिओ हेच पाठ्यपुस्तक झालं. त्या जुलैमध्ये एमकेसीएलची ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली, आणि ज्यांच्या घरी टीव्ही मोकळा नव्हता त्यांनी माळ्यावरचे जुने संगणक खाली काढले.

अशा संगणकांत वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. पडद्यावर चित्र आणण्याचं काम प्रोसेसरच्या चिपमध्येच बसवलेला एक भाग करतो. त्याला इंटिग्रेटेड ग्राफिक्स म्हणतात. एक्सेल, टॅली, ईमेल यांना तो सहज पुरतो. व्हिडिओ लावला की मात्र ठरलेली तक्रार सुरू होते: आवाज नीट येतो, पण चित्र अडखळतं, पंखा घोंघावतो, लॅपटॉप मांडीवर धरवत नाही इतका तापतो. सल्लाही ठरलेलाच मिळतो, ‘ग्राफिक्स कार्ड नाही ना, मग एचडी अडकणारच. नवीन घ्या.’ हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि त्यापायी एखाद्या कुटुंबाचा महिन्याचा पगार जाऊ शकतो. म्हणून हा विषय मुळापासून समजून घ्यायला हवा.

आधी कामाचं माप पाहू. फुल एचडी चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले तर एका चित्राला सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. दोन तासांचा सिनेमा असा जसाच्या तसा साठवायचा म्हटलं तर १ टेराबाइटची हार्ड डिस्कही अपुरी पडेल. सेकंदाला ३० चित्रांचा व्हिडिओ याच रीतीने इंटरनेटवरून आणायचा तर सुमारे १,५०० एमबीपीएसचं कनेक्शन लागेल. प्रत्यक्षात ४-५ एमबीपीएसमध्ये आपलं भागतं. मूळ माहितीचा जेमतेम तीनशेवा हिस्सा तारेतून येतो. उरलेलं सगळं आपला संगणक पुन्हा उभं करतो, दर सेकंदाला ३० वेळा.

माहिती एवढी आकसता येते याचं श्रेय ज्यांना जातं त्यांत आपल्याकडची दोन नावं ठळक आहेत. बंगळूरमध्ये जन्मलेले आणि तिथेच इंजिनिअर झालेले नासिर अहमद यांनी १९७२ साली अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे एका गणिती कल्पनेसाठी अनुदान मागितलं. ते मिळालं नाही. तरी त्यांनी काम सोडलं नाही, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्याबरोबर जानेवारी १९७४मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. तीच डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, अर्थात डीसीटी. चित्राचा एक छोटा चौकोन घ्यायचा. त्यात सावकाश बदलणारी छटा किती आणि बारीक तपशील किती अशी फोड करायची. ज्या तपशिलाची उणीव डोळ्याला जाणवत नाही तो सोडून द्यायचा. जेपीईजी फोटोपासून डीव्हीडीपर्यंत आणि पुढे एच.२६४पर्यंत सगळीकडे याच कल्पनेचं कुठलं ना कुठलं रूप आहे.

दुसरं नाव अरुण नेत्रावळी यांचं. नेत्रावळी १९६७ साली आयआयटी मुंबईतून पदवी घेऊन अमेरिकेला गेले. बेल लॅब्जमध्ये असताना १९७९ साली त्यांनी जे. डी. रॉबिन्स यांच्यासह टीव्हीच्या चित्रातल्या हालचालीचा अंदाज बांधण्याबद्दल निबंध लिहिला. लागोपाठच्या दोन चित्रांत बहुतेक गोष्टी त्याच असतात, फक्त थोड्या सरकलेल्या असतात. मग दुसरं चित्र अख्खं कशाला पाठवायचं? मागच्या चित्रातला अमुक चौकोन उचल आणि इतका डावीकडे सरकव, एवढी सूचना पुरते. या विद्येच्या पायाभरणीत नेत्रावळींचा वाटा मोठा आहे. १९९९ साली ते बेल लॅब्जचे अध्यक्ष झाले, २००१ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. पवईत शिकलेल्या या माणसाचं काम आज प्रत्येक मोबाइलमध्ये चालू आहे आणि मराठी घरांत त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

हे सगळे धागे २००३ साली एच.२६४ या मानकात एकत्र आले. एच.२६४ फुल एचडी चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे ८,१६० चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनासाठी संगणकाला आधी आकसलेले आकडे उलगडावे लागतात, मग मागच्या किंवा पुढच्या चित्रातून सूचनेतला तुकडा उचलून आणावा लागतो (तोही पाव ठिपक्याइतक्या अचूकपणे सरकवून), त्यावर उरलेला फरक चढवावा लागतो आणि शेवटी चौकोनांच्या कडा दिसू नयेत म्हणून सांधे पुसावे लागतात. सेकंदाला ३० चित्रं म्हणजे असे जवळपास अडीच लाख चौकोन. वेळेची मुदत कडक असते: २४ चित्रांच्या सिनेमात एका चित्राला सुमारे ४२ मिलिसेकंद मिळतात, ६० चित्रांच्या क्रिकेट सामन्यात जेमतेम १७. मुदत चुकलेलं चित्र फेकून द्यावं लागतं, कारण आवाज थांबत नाही. आवाज पुढे आणि चित्र मागे अशी जी अवस्था आपण पाहतो ती इथून येते.

यातली पहिली पायरी, आकडे उलगडण्याची, सर्वांत चिवट आहे. एच.२६४च्या चांगल्या प्रतीच्या फाइलींत वापरतात त्या पद्धतीत प्रत्येक पुढचा बिट आधीच्या बिटांवर अवलंबून असतो, त्यामुळे हे काम चार कोअरमध्ये सहज वाटून देता येत नाही. शिवाय ते ठिपक्यांच्या संख्येबरोबर वाढत नाही. वाढतं ते बिटरेटबरोबर, म्हणजे सेकंदाला किती बिट येतात त्याबरोबर. यूट्यूबचा १०८०पी व्हिडिओ ४-५ एमबीपीएसचा असेल, तर ब्लू-रे डिस्कवरचा १०८०पी सिनेमा ४० एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतो. दोन्ही फुल एचडीच. ‘हा लॅपटॉप १०८०पी चालवतो का?’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. कुठल्या पद्धतीचा, किती बिटरेटचा आणि सेकंदाला किती चित्रांचा, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही.

आता या कामाला कोण लागतं ते पाहू. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत व्हीएमसीवर, म्हणजे व्हर्टिकल मशिनिंग सेंटरवर, प्रोग्रॅम आणि टूल बदललं की नाना तऱ्हेचे जॉब करता येतात. एसपीएम, म्हणजे स्पेशल पर्पज मशीन, एकाच जॉबसाठी बांधलेलं असतं: ठरलेली भोकं, ठरलेल्या जागी. पण त्या एका जॉबला त्याचा सायकल टाइम व्हीएमसीपेक्षा कितीतरी कमी. संगणकाचा प्रोसेसर म्हणजे व्हीएमसी. इंटिग्रेटेड ग्राफिक्सच्या कोपऱ्यात व्हिडिओ उलगडण्यासाठी कोरलेलं एक छोटं सर्किट असतं, ते एसपीएम. काम त्या सर्किटकडे गेलं तर प्रोसेसर जवळपास मोकळा राहतो, पंखा शांत राहतो, बॅटरी टिकते. ते प्रोसेसरवर पडलं तर तोच लॅपटॉप धापा टाकतो. आणि ड्रॉइंग बदललं की एसपीएम उभं राहतं, हे कारखान्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

इंटिग्रेटेड ग्राफिक्सची बदनामी झाली ती या सर्किटाच्या अभावामुळे, आणि त्या काळात ती रास्त होती. इंटेलचं २००५ सालचं जीएमए ९५० घ्या. डीव्हीडीच्या एमपीईजी-२ला त्याची थोडीफार मदत होई, एच.२६४ला अजिबात नाही. हेच ग्राफिक्स २००८च्या स्वस्त नेटबुकमध्ये ॲटम एन२७० प्रोसेसरच्या जोडीला आलं. १.६ गिगाहर्ट्झचा तो एकच कोअर ७२०पीलाही दमायचा, १०८०पी तर त्याच्या आवाक्यात नव्हतंच. दुर्दैव असं की नेमक्या त्याच वर्षी यूट्यूबवर ७२०पी आलं आणि पुढच्या वर्षी १०८०पी. पहिलाच संगणक म्हणून नेटबुक घेणाऱ्यांच्या मनात ‘ग्राफिक्स कार्डाशिवाय एचडी नाही’ हे तेव्हा जे बसलं ते आजतागायत निघालेलं नाही.

खरं तर चित्र त्याच वर्षी बदलायला लागलं होतं. मार्च २००८मध्ये एएमडीचा ७८०जी चिपसेट आला आणि त्याच वर्षाच्या मध्यावर इंटेलचा जी४५. दोन्हीत एच.२६४ पूर्णपणे उलगडणारं सर्किट होतं. २०१० साली इंटेलने ग्राफिक्सची चिप प्रोसेसरच्या वेष्टनात आणली आणि जानेवारी २०११च्या सँडी ब्रिजमध्ये ती प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर आली. इथून पुढे ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा ऑफिसचा लॅपटॉप ४० एमबीपीएसचा ब्लू-रे सिनेमाही सहज चालवू लागला. त्याआधी, जून २०१०मध्येच फ्लॅश प्लेअरची १०.१ आवृत्ती आली आणि ब्राउझरमधल्या व्हिडिओलाही या सर्किटाची मदत मिळू लागली. खेळांसाठी वेगळं कार्ड लागतं, त्रिमितीय डिझाइनसाठी लागतं, एच.२६४ व्हिडिओ बघण्यासाठी २०११नंतरच्या संगणकाला त्याची गरज उरली नाही.

मग आज तेच लॅपटॉप का अडखळतात? कारण ड्रॉइंग बदललं.

२०१३ साली दोन नव्या पद्धती आल्या: एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, आणि गूगलची व्हीपी९. २०१८ साली अलायन्स फॉर ओपन मीडियाने एव्ही१ आणली. प्रत्येक नवी पद्धत तेवढंच चित्र कमी बिटांत बसवते. व्हिडिओ पाठवणाऱ्या कंपनीची बँडविड्थ वाचते, आपला डेटा वाचतो, आणि त्याची किंमत उलगडणाऱ्या यंत्राला जास्त गणित करून मोजावी लागते. यूट्यूब हल्ली बहुतेक ब्राउझरना व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवतं. तिसऱ्या पिढीचा आय५ असलेला लॅपटॉप एच.२६४चा कितीही जड सिनेमा हसतखेळत चालवतो आणि यूट्यूबवरच्या साध्या १०८०पी लेक्चरला तापतो, या कोड्याचं उत्तर हे आहे. त्याच्या सर्किटाला व्हीपी९ कळत नाही. ड्रायव्हर अपडेट करून कळणारही नाही, कारण ती समज सिलिकॉनमध्ये कोरलेली असते.

इंटेलच्या चिपवर ही शिडी अशी चढत गेली. दुसऱ्या पिढीपासून, म्हणजे सँडी ब्रिजपासून, एच.२६४ भक्कम. पाचव्या पिढीत एचईव्हीसी आणि व्हीपी९ला अर्धीमुर्धी मदत. २०१५च्या सहाव्या पिढीत ८-बिट (नेहमीच्या रंगछटांची) एचईव्हीसी पूर्ण. २०१६च्या सातव्या पिढीत १०-बिट (जास्त बारीक रंगछटांची) एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही. २०२०मध्ये आलेल्या अकराव्या पिढीच्या लॅपटॉप चिपमध्ये एव्ही१. पिढी ओळखायला फार खटपट नको. प्रोसेसरच्या क्रमांकात आय५ किंवा आय७नंतरचा आकडा बघायचा: ३३२० म्हणजे तिसरी पिढी, ६३०० म्हणजे सहावी, ७२०० सातवी, ८२५० आठवी. जुना लॅपटॉप व्हिडिओसाठी घेत असाल तर सहावी आणि सातवी यांतला फरक फार मोठा आहे, आणि बाजारातल्या किमतीत तो तितका दिसतोच असं नाही. माझा स्वतःचा सल्ला विचाराल तर सातवीच्या खाली जाऊ नका.

अर्थात जुना लॅपटॉप हातात असेल तर तो टाकून द्यायचंही कारण नाही. ब्राउझरमध्ये एच२६४इफाय नावाचं छोटं एक्स्टेन्शन बसवलं की यूट्यूबला एच.२६४ मागता येतं आणि काम पुन्हा सर्किटाकडे जातं. १०८०पीपर्यंतच हे चालतं, त्यावरचा व्हिडिओ यूट्यूब एच.२६४मध्ये देत नाही. पण त्या लॅपटॉपचा पडदाही बहुधा तेवढाच असतो. प्रोसेसरवरच काम पडणार असेल तर तिथेही मदत आहे. व्हीएलसी प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या मंडळींनी २०१८ साली एव्ही१साठी डेव्हिड नावाचा डीकोडर लिहायला घेतला. त्यातला कळीचा भाग त्यांनी हाताने असेम्ब्ली भाषेत लिहिला आहे, प्रोसेसरच्या निरनिराळ्या सूचना-संचांसाठी वेगळा. जुने संगणक चालू राहावेत म्हणून एवढी मेहनत फुकट देणाऱ्या माणसांबद्दल मला नितांत आदर आहे.

लग्नाच्या व्हिडिओची गोष्ट थोडी निराळी आहे. फोटोग्राफर पेन ड्राइव्ह देतो, त्यात ४केची एचईव्हीसी फाइल असते, टीव्हीवर ती झकास चालते आणि लॅपटॉपवर एका चित्रावरून दुसऱ्यावर उडी मारते. लोक पेन ड्राइव्हला दोष देतात. पण १०० एमबीपीएसची फाइलसुद्धा सेकंदाला साडेबारा मेगाबाइट एवढीच मागते, आणि साधा यूएसबी २.० तेवढं देतो. दोष उलगडण्यात असतो. फाइल १०-बिट असेल तर सहाव्या पिढीचं सर्किटही हात वर करतं. काही कॅमेरे एच.२६४मध्येच १०-बिट चित्रण करतात. त्याला तर जुन्या इंटिग्रेटेड चिपपैकी कुणाचीच साथ नाही. फोटोग्राफरला ऑर्डर देतानाच सांगावं: ४के ठेवा, पण सोबत १०८०पी, ८-बिट, एच.२६४ अशी एक प्रत द्या. त्याच्या संगणकावर ते काम काही मिनिटांचं असतं आणि ती प्रत घरातल्या जवळपास कुठल्याही यंत्रावर चालते. विंडोजमध्ये आणखी एक अडसर आहे. सर्किट असूनही विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरला एचईव्हीसीसाठी मायक्रोसॉफ्टचं विकतचं एक्स्टेन्शन लागू शकतं. व्हीएलसीला ते लागत नाही.

सर्किट योग्य असूनही व्हिडिओ अडखळतो तेव्हा मी आधी रॅम बघायला सांगतो. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते. इंटिग्रेटेड ग्राफिक्सला नसते, ते प्रोसेसरच्याच रॅमचा वाटा घेतं. फुल एचडी पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवायला दर सेकंदाला नुसता अर्धा गिगाबाइट वाचावा लागतो, ४के पडद्याला २ गिगाबाइट. त्यात उलगडताना मागची चित्रं वाचणं, नवी लिहिणं, ब्राउझरने त्यावर बटणं नि उपशीर्षकं चढवणं हे सगळं वेगळं. जुन्या डीडीआर२-६६७ रॅमची एक पट्टी सेकंदाला ५.३ गिगाबाइट देई, डीडीआर४-२४००ची पट्टी १९.२ देते. आणि अनेक लॅपटॉप एकाच पट्टीवर विकले जातात! ८ जीबीची एक पट्टी आणि ४-४ जीबीच्या दोन, यांत साठा सारखाच. पण दोन पट्ट्या दोन मार्गांनी चालतात आणि वेग दुप्पट मिळतो. रिकामा स्लॉट असेल तर त्यात दुसरी पट्टी घालणं हा इंटिग्रेटेड ग्राफिक्ससाठी सर्वांत स्वस्त उपाय आहे.

ड्रायव्हरची गोष्ट त्याहून साधी आणि त्याहून जास्त वेळा आढळणारी. जुना लॅपटॉप फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकलं की कधी कधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसतच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ असं नाव दिसलं तर समजावं की सर्किट जागेवर आहे पण त्याला कुणी कामाला लावलेलं नाही. पडदा दिसतो, इंटरनेट चालतं, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घेऊन बसवला की दहा मिनिटांत तोच लॅपटॉप बदलतो. ब्राउझरच्या सेटिंगमधलं ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद असेल तरी हेच होतं. पंख्यात साचलेली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट ही कारणंही आहेतच; तापलेली चिप स्वतःहून वेग कमी करते.

एक अडखळणं मात्र वेगळ्याच जातीचं आहे आणि त्याला कमकुवतपणाशी काही घेणंदेणं नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, आपल्याकडच्या टीव्हीचं प्रक्षेपण २५च्या हिशेबाचं, आणि लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळा रंगणारा. साठला २५ने नि:शेष भाग जात नाही. मग काही चित्रं पडद्यावर दोन फेऱ्या राहतात, काही तीन, आणि कॅमेरा सावकाश सरकतो त्या दृश्यात हलका हिसका जाणवतो. सँडी ब्रिजची एक नामांकित खोड याच घराण्यातली. बरेच सिनेमे डिस्कवर २३.९७६ चित्रांच्या गतीने असतात. ती चिप टीव्हीला नेमके २४ देई, आणि हा फरक साचून दर चाळीसेक सेकंदांनी एक चित्र दोनदा दाखवलं जायचं. २०१३च्या हॅसवेल चिपपर्यंत ते जवळपास सुधारलं. ज्यांना असा हिसका दिसतो त्यांनी पडद्याचा रिफ्रेश रेट ५० किंवा २४ करता येतो का ते पाहावं. महागडं कार्ड घालूनही हा दोष आपोआप जात नाही.

आता निदान. चित्र आणि आवाज दोन्ही थांबून गोल चक्र फिरत असेल तर प्रश्न इंटरनेटचा आहे, संगणकाचा नाही. आवाज अखंड आणि चित्र तुटक असेल तर उलगडण्याचा. यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडलं की पद्धतीचं नाव दिसतं (एव्हीसी१ म्हणजे एच.२६४, व्हीपी०९ म्हणजे व्हीपी९, एव्ही०१ म्हणजे एव्ही१) आणि किती चित्रं गळली तो आकडाही दिसतो. मग टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात जीपीयू. तिथे ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख हलत असेल तर काम सर्किट करतंय. आलेख सपाट आणि प्रोसेसर ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असेल तर रोग सापडला. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या यंत्रांवर हा आलेख दिसत नाही, तिथे प्रोसेसरच्या टक्क्यावरूनच ओळखावं लागतं.

एक गोष्ट मला खुपते. विंडोज ११ला अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर लागतात, काही मोजके अपवाद सोडले तर. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. व्हीपी९ आणि १०-बिट एचईव्हीसी दोन्ही पूर्ण उलगडणारी सातव्या पिढीची धडधाकट यंत्रं त्यामुळे मोडीत निघू लागली आहेत, व्हिडिओच्या बाबतीत ती कुठेही कमी नसताना. त्यांच्यासाठी लिनक्स ही खरी वाट आहे. इंटेलच्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सला तिथे चांगला आधार आहे, आणि जुलै २०२३च्या फायरफॉक्स ११५पासून लिनक्सवर इंटेलच्या सर्किटाचा वापर मुळातच चालू असतो. कुठलंही सेटिंग धुंडाळावं लागत नाही. ज्या घरात संगणक मुख्यतः अभ्यासाला आणि व्हिडिओलाच लागतो, तिथे ही वाट कुणीतरी बसून दाखवून द्यायला हवी. हिंजवडीत काम करणाऱ्या शेजाऱ्याने रविवारचे दोन तास दिले तर पुरे आहेत.

आणि नवा-जुना कुठलाही लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा खिशात एक पेन ड्राइव्ह न्या. त्यात घरातली सर्वांत जड फाइल टाकून ठेवा, बहुधा ती लग्नाचीच असेल. दुकानात ती पाच मिनिटं चालवून बघा, टास्क मॅनेजर उघडा ठेवून. पिढीचा आकडा विचारा, रॅमच्या पट्ट्या किती ते विचारा, आणि मगच पैसे द्या.